खोडावरचं दगडफूल : या चुका टाळा

काळा मसाला करायचा म्हणजे इंदूरच्या सियागंज बाजारातून दगडफूल येणारच. दुकानदाराला 'पत्थर फूल' म्हटलं की तो पुडी बांधून देतो. तेच अंगणातल्या आंब्यावर दिसलं की मात्र आम्हा इंदूरकरांना तो रोग वाटतो.

मीही तेच केलं. आंब्याचा शेंडा वाळत होता, खोडावर राखाडी चट्टे होते. दोन्हीची सांगड घालून बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, फासलं. तांब्यानं चट्टे मेले, शेंडा वाळतच राहिला. खरं कारण बुंध्याशी होतं. तिथे अगदी खोडाला भिडवून फरशी बसवलेली, त्यामुळे मुळांना पाणीच मिळत नव्हतं. पानं विरळ झाली की खोडावर ऊन पडतं आणि दगडफूल वाढतं, म्हणून आजारी झाडावर ते जास्त दिसतं, इतकंच. ते सालीला नुसतं धरून असतं, झाडाचा रस पीत नाही.

खात्री करायला नखानं खरवडू नका. गळून पडलेली फांदी घ्या, वर पाण्याचे दोन थेंब टाका. राखाडी पापुद्रा बघता बघता हिरवट झाला तर ते दगडफूल. दगडफूल म्हणजे एकत्र राहणारी बुरशी आणि शेवाळ: बुरशीच्या घरात शेवाळ राहतं. वरचा थर भिजला की आतलं हिरवं दिसू लागतं. रंग बदलला नाही तर कदाचित ते आधीच मेलेलं असेल, किंवा तो नुसता जुन्या रंगाचा डाग असेल.

दुसरी चूक गेरू-चुन्याची. खोडं रंगवली की वसाहत दिसायला छान होते, पण खालचं सगळं गाडलं जातं. काही जाती वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतात. मी माळ्याला 'भैया, इतना हिस्सा छोड़ दो' म्हणते. तो हसतो, पण सोडतो.

'वाचवायचं' म्हणून उचलून दुसरीकडे चिकटवणं ही तिसरी. जागा बदलली की ऊन, ओल, साल सगळंच बदलतं आणि बहुतेक वेळा ते मरतं. दुर्मीळ जातीचं तर विचारूच नका. फ्लोरिडाच्या पांढऱ्या वाळूवर क्लॅडोनिया परफोराटा नावाचं दगडफूल आहे. अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून १९९३ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. ते तुकडे मोडून पसरतं, त्यामुळे फार लांब जात नाही. १९९५ च्या ओपल चक्रीवादळानं सांता रोझा बेटावरचं बरंचसं नेलं. तिथली झुडपी राने अधूनमधून जळायलाच हवीत, तिथल्या इतर झाडाझुडपांना आगीची गरज असते. हे मात्र आगीत वाचत नाही. म्हणून वणवा मुद्दाम लावताना मध्ये न जळालेले तुकडे राखावे लागतात. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, असा पेच.

फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं धरा आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चट्ट्याचा पुन्हा काढा. नुसत्या डोळ्यांनी वाढ कळत नाही. आणि पुडी मोठी घेऊ नका. बाजारातलं दगडफूल शेतात पिकत नाही, रानातून ओरबाडून येतं, आणि मसाल्याला लागतं ते मूठभरच.