मँडरिन इमर्शनमधलं पोर आणि मँडरिनचा म पण न येणारे आईबाप

पोराला मँडरिन इमर्शनला, म्हणजे चिनी भाषेतूनच विषय शिकवणाऱ्या वर्गात घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मग अभ्यास कोण घेणार? कोणीच नाही घ्यायचा. ही पद्धत निघालीच मुळी अशा घरांसाठी. 1965 साली कॅनडात माँट्रियलजवळ इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनीच मागे लागून पोरांसाठी फ्रेंच इमर्शनचा वर्ग सुरू करून घेतला होता. भाषा वेगळा विषय म्हणून शिकवत बसायचं नाही, गणित-विज्ञानच त्या भाषेत शिकवायचं, एवढीच काय ती आयडिया.

अ‍ॅडमिशनआधी शाळेला हे विचारा: दिवसातला किती वेळ मँडरिनमध्ये असतो (कुठे निम्मा-निम्मा असतो, कुठे सुरुवातीला 80-90 टक्के), कुठले विषय त्यात शिकवतात, प्रायमरी संपल्यावर पुढे सोय आहे का. आणि अक्षरं सोपी केलेली शिकवतात की पारंपरिक? चीन, सिंगापूरमध्ये सोपी चालतात, तैवान, हाँगकाँगमध्ये पारंपरिक. फरक किती, तर घोड्याचं अक्षर सोप्या लिपीत 3 रेघांचं आणि पारंपरिक लिपीत 10 रेघांचं. न विचारता गोष्टीची पुस्तकं आणलीत तर पोरगं नुसतं बघत बसेल.

आता घाई. अमेरिकन सरकार आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना मँडरिन शिकवायला साधारण 2200 तास धरतं, तेही मोठी माणसं पूर्णवेळ शिकतात तेव्हा. शाळेत रोज 3 तास आणि वर्षाला 180 दिवस धरले तर होतात 540. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत पोर घरी येऊन फाडफाड बोलणार नाहीये. सुरुवातीला बरीच मुलं नुसती ऐकतात, बाईंनी सांगितलेलं बरोबर करतात पण उत्तर आपल्याच भाषेत देतात, हे नॉर्मल आहे. आणि प्लीज, पाहुण्यांसमोर "बोलून दाखव ना काहीतरी" हे करू नका, आम्ही केलं होतं, पोरीने पुढे महिनाभर घरात त्या भाषेतला एक शब्द काढला नाही.

घरी करायचं ते एवढंच की रोज 15-20 मिनिटं कानावर मँडरिन पडू द्यायचं, गाणी, ऑडिओ गोष्टी, शाळेतली रेकॉर्डिंग मिळाली तर सगळ्यात बेस्ट कारण तेच शब्द पुन्हा येतात.

आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत आहे ना, पिनयिन, त्यातला बी म्हणजे आपला ब नव्हेच, तो चक्क प आहे, आणि पी म्हणजे ओठ जुळवून काढलेला फ. तसंच जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून बीजिंगचा खरा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो. झेड म्हणजे चमच्यातला च! इंग्रजीवाले या अल्पप्राण-महाप्राणात अडखळतात, आपल्याला ते लहानपणापासून येतं. तेव्हा पोराचा उच्चार इंग्रजीसारखा वाचून "दुरुस्त" करायला जाऊ नका, बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

टोनचंही, म्हणजे आवाजाच्या चढउताराचंही तसंच. आपण नीट ऐकू आलं नाही की "हं?" म्हणतो आणि वैतागून "हं!" म्हणतो, आवाज वर जातो तो दुसरा टोन, धाडकन खाली येतो तो चौथा. पहिला उंच आणि सपाट, तिसरा खाली दबलेला. आपल्याकडे त्याने मूड बदलतो, तिकडे शब्दच बदलतो, मा म्हणजे आई की घोडा हे टोनवर ठरतं.

अक्षरं घोकून घेण्याआधी ती फोडून बघायला सांगा. आईच्या अक्षरात डावीकडे बाई आहे, उजवीकडे घोडा. बाई अर्थासाठी आणि घोडा फक्त आवाजासाठी. बाईच्या जागी तोंड घातलं की वाक्याच्या शेवटी प्रश्न करणारं मा होतं. बहुतेक अक्षरं अशीच अर्थ अधिक आवाज जोडून बनलीयेत, हे एकदा कळलं की पोरं स्वतःच शोधायला लागतात. रेघांचा क्रम मात्र शाळेत शिकवतात तोच ठेवायचा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकट असेल तर आधी बाहेरच्या बाजू काढायच्या, मग आतलं भरायचं, शेवटी खालची रेघ मारून दार बंद.

घरची भाषा मात्र सोडू नका. रोज रात्री मराठीत गोष्ट वाचा, गप्पा मारा, "का झालं असेल असं?" विचारा, कारण विचार करायची सवय एका भाषेत लागली की दुसरीत आपोआप जाते. शाळेत मँडरिनशिवाय जी दुसरी भाषा असते तिच्यातलं वाचन पहिली-दुसरीत थोडं मागे राहू शकतं, ते पुढे सहसा भरून निघतं. पण घरच्या भाषेतही अक्षर ओळखायला, साधी गोष्ट सांगायला खूप त्रास होत असेल तर "दोन भाषांमुळे होत असेल" म्हणून वर्ष घालवू नका, लगेच बाईंशी बोला आणि तपासून घ्या.

होमवर्कला अडलं तर भाषांतराच्या अ‍ॅपवरून उत्तर काढून देऊ नका. वहीवर "इथे अडलं" अशी खूण करून तशीच पाठवा, बाईंना तेच बघायचं असतं.