आज्जीची फॅमिली पेन्शन नावामुळं अडकली असेल तर

आमच्या बेळगाव-खानापूर भागात १९७१ च्या लढाईतले कितीतरी जवान, लढाई १३ दिवसांत संपली पण कागदं अजून संपली नाहीत बघा. आमच्या आज्जीचं नाव मिलिटरी रेकॉर्डला लक्ष्मीबाई आणि आधारला लक्ष्मव्वा, झालं, तिथंच अडकलं.

आधी ट्रंकेतलं आजोबांचं डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक) काढा, आमचं प्लास्टिकात गुंडाळलेलं, घड्यांवर फाटलेलं, तर हळू उघडा. सर्व्हिस नंबर आणि पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या ऑर्डरचा नंबर) लिहून घ्या. मग दोन्ही नावं एकाच बाईची असं नोटरीकडं ॲफिडेव्हिट करून आजोबांच्या रेजिमेंटच्या, म्हणजे आमच्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीच्या, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्याच. फॉर्म भरायला जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात मदत करतात. नाव जुळलं की स्पर्श पोर्टलवर (सैन्याच्या पेन्शनची सरकारी वेबसाइट) दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा.