डाळिंबाच्या सालीने बायोफिल्म रोखली जाते का? असं तपासा

प्रोजेक्टसाठी विषय मागायला येणाऱ्या टी.वाय.च्या मुलांना मी हल्ली डाळिंबाची साल सुचवते. सटाणा-देवळ्याकडचं डाळिंब नाशकात मुबलक येतं आणि ज्यूसवाल्याकडे साल फुकट मिळते. त्या सालीत प्युनिकॅलाजिनसारखी टॅनिन्स, म्हणजे प्रथिनांना धरून बसणारी तुरट द्रव्यं, भरपूर असतात. बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच बनवलेल्या बुळबुळीत आवरणात राहणारी जिवाणूंची वस्ती. एकदा ती जमली की अँटिबायोटिकलाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणून ती जमूच नये यासाठी काय करता येईल, ते बघायचं.

साल आणली त्याच दिवशी धुऊन सावलीत वाळवा. पावसाळ्यात ती बुरशी धरते, तेव्हा ४० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. कडकन मोडली की मिक्सरला लावा. १० ग्रॅम पूड १०० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर शेकरवर ठेवून गाळा आणि अल्कोहोल पूर्ण उडवा. ते राहिलं तर जिवाणू अर्काने मेले की अल्कोहोलने, हे कळणार नाही. उरलेला तपकिरी चिकट अर्क वजन करून निर्जंतुक पाण्यात विरघळवा.

आता खरी गोम. जिवाणू वाढलेच नाहीत, तर बायोफिल्म होणार कुठून? त्याला बायोफिल्म रोखणं म्हणता येत नाही. म्हणून आधी एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा काढा. प्लेटमध्ये अर्काची तिच्या निम्मी, पाव आणि अष्टमांश मात्रा घ्या.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये १ टक्का ग्लुकोज घातलेलं ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचं पोषक द्रव, आणि त्यात स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या जिवाणूचं रात्रभर वाढवलेलं कल्चर शंभरपट पातळ करून. ३७ अंशांवर २४ तास. बाहेर काढल्यावर आधी ६०० नॅनोमीटरला वाढ मोजा आणि मगच प्लेट उलटी करा. सगळं द्रव ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या, भांड्यातच जाऊ द्या.

पुढचं धुणं फार जपून. पीबीएस (धुवायचं फॉस्फेट-मिठाचं द्रावण) वेलच्या कडेवरून सोडा. पिपेटची धार थेट तळावर मारली तर बायोफिल्मचा पापुद्रा सुटून येतो आणि अर्क भलताच गुणकारी वाटायला लागतो. प्लेट वाळली की ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग १५ मिनिटं ठेवा, रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवा, चिकटून राहिलेला रंग ३३ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवा आणि ५९५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या.

अर्क आहे पण जिवाणू नाहीत, असे वेल ठेवाच. टॅनिन्स ब्रॉथमधल्या प्रथिनांना धरून तळाशी साका करतात आणि तो साकाही जांभळा रंगतो. ते रीडिंग त्या-त्या मात्रेच्या वेलमधून वजा करा. बिनअर्काच्या कंट्रोलमधून, म्हणजे जिवाणू आहेत पण अर्क नाही अशा वेलमधून, नुसत्या ब्रॉथचं रीडिंग वजा करा. मग कंट्रोलच्या तुलनेत बायोफिल्म किती टक्के घटली ते काढा आणि शेजारच्याच रकान्यात ६०० ची वाढही लिहा. वाढ कंट्रोलइतकीच आणि जांभळा रंग मात्र फिका असेल, तरच त्या मात्रेपुढे ‘बायोफिल्म रोखली’ असं लिहा.