फास्ट लाइट करायला घेताय? आधी प्रोबची पॉवर अर्धी करा

फास्ट लाइट म्हणजे पल्सचा माथा निर्वातातल्या प्रकाशाच्याही आधी बाहेर पडताना दिसणं. रुबिडियमची वाफ भरलेल्या सेलमधून आलेल्या पल्सचा माथा संदर्भ पल्सच्या (जिच्यावर वाफेचा परिणाम होत नाही तिच्या) आधी दिसला, त्या रात्री मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं. पुढचे पाच महिने तो आलेख फसवा का होता हे शोधण्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

प्रिन्स्टनच्या एनईसी संस्थेतला 2000 सालचा प्रयोग तुम्ही वाचला असेलच: 6 सेंटीमीटर सीझियमची वाफ, रामन गेनची (दोन पंप लेसरांमुळे वाफेत प्रकाश वाढतो, त्याची) दोन शिखरं, मधल्या दरीत ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा वेग भागिले पल्सचा वेग) उणे 310, आणि पल्स 62 नॅनोसेकंद आधी बाहेर. पण ती पल्स 3.7 मायक्रोसेकंद रुंद होती. म्हणजे आघाडी रुंदीच्या दोन टक्क्यांहूनही कमी! इतकी आघाडी दुसऱ्या कशानेही दिसू शकते.

मला गेन सॅच्युरेशनने फसवलं. सिग्नल स्वच्छ यावा म्हणून मी प्रोबची, म्हणजे सेलमधून जाणाऱ्या पल्सच्या लेसरची, पॉवर वाढवली होती. पल्सची पुढची कड सेलमध्ये शिरते तेव्हा अणू पंप होऊन तयार असतात, तिला भरपूर गेन मिळतो. जाताजाता ती तो साठा संपवते, मागच्या कडेला उरलंसुरलं. पुढची बाजू फुगते, मागची खंगते, आणि माथा पुढे सरकतो. यात डिस्पर्शनचं, म्हणजे फ्रीक्वेन्सीनुसार वेग बदलण्याचं, काहीच काम नाही. त्यात आमच्याकडे सीनियरांकडून आलेली स्क्रिप्ट दोन्ही पल्सची उंची 1 करून टाकायची, त्यामुळे पॉवर वाढवली की गेन घटतोय हे दिसायचंच नाही. उसनी स्क्रिप्ट वापरू नका. खरंच नका.

पॉवर अर्धी करा, पुन्हा अर्धी करा. डिस्पर्शनमुळे आलेली आघाडी हलत नाही. माझी 40 नॅनोसेकंदांवरून घसरत 9 वर आली आणि तिथे थांबली. मग दोन पंपांच्या फ्रीक्वेन्सीमधलं अंतर वाढवून पाहा, आघाडी कमी झाली पाहिजे. संदर्भ पल्स घेताना सेल काढू नका, लेसर रेझोनन्सपासून (अणू ज्या फ्रीक्वेन्सीला प्रतिसाद देतात तिच्यापासून) लांब न्या.

कार्यकारणभाव मोडतोय का, या प्रश्नाने झोप घालवू नका. पल्सची अगदी पहिली चाहूल प्रकाशाच्या पुढे जात नाही, हे सोमरफेल्ड आणि ब्रिलुआं या भौतिकशास्त्रज्ञांनी 1914 मध्येच दाखवलंय.

गाईड निवडताना एवढंच बघा, की तो कच्चा डेटा उघडून बघतो का. नाव कितीही मोठं असो, बघत नसेल तर जाऊ नका. आणि वर्षभर हाती काही लागलं नाही तरी तुमच्यात खोट आहे असं समजू नका. सेलचं तापमान आणि पंपांचं अलाइनमेंट जमायलाच मला आठ महिने लागले होते.

माझ्या प्रबंधात ते 9 नॅनोसेकंदच आहेत.