'आय'पासून सुरू होणारे लांबलचक इंग्रजी शब्द : या चुका टाळा

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेत ९०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साताऱ्यात या परीक्षेची तयारी करणारी मुले गल्लोगल्ली आहेत. गणितासाठी ती रात्र-रात्र जागतात. इंग्रजीच्या बाबतीत मात्र एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या लांब शब्दांच्या यादीची झेरॉक्स मिळवायची, समोरचा एकेक मराठी अर्थ घोकायचा आणि निर्धास्त व्हायचे, ही रीत काही केल्या सुटत नाही. तिच्यातून त्याच त्या चुका दर बॅचमध्ये उगवतात. येथे 'आय' हे अक्षर घेतले आहे, कारण सर्वांत मोठा घोळ तेथेच होतो.

शब्दाच्या आरंभी 'इन' दिसला की तो नकारच आहे असे धरून चालणे, ही या सगळ्या चुकांची आई आहे. एका सराव चाचणीत मी 'इन्फ्लेमेबल' हा शब्द दिला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी 'न पेटणारे' असा अर्थ लिहिला. कोरेगावकडून येणारा एक हुशार मुलगा तर झेरॉक्सची वही घेऊनच उभा राहिला; तिच्यात तोच अर्थ छापलेला होता. "सर, टँकरवर हा शब्द लोकांनी घाबरू नये म्हणूनच लिहिलेला असतो," असे त्याने पूर्ण विश्वासाने सांगितले. मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली. तिचे वडील स्पिरिटचा टँकर चालवतात. "त्या शब्दाजवळ ज्वाळेचं चित्र असतं, आणि गाडी भरताना पप्पांना खिशात काडेपेटीसुद्धा ठेवू देत नाहीत," एवढेच ती म्हणाली. वर्ग गप्प झाला. मुलाचा दोष मला फारसा वाटला नाही; शब्दकोश न उघडता अशा वह्या छापून विकणाऱ्यांचा मात्र संताप आला, कारण हा अर्थ घोकलेल्या एखाद्याने खरोखरच अशा टँकरजवळ काडी ओढली तर काय होईल, हे सांगायला नको.

असे शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आले, आणि लॅटिनमध्ये 'इन' हे उपसर्ग दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' किंवा 'वर' या अर्थाचा. 'इन्फ्लेमेबल'मध्ये दुसरा आहे : ज्वाळा आत शिरू शकते, म्हणजे झटकन पेट घेणारे. हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो, आणि म्हणूनच अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' हा आखूड शब्द वापरण्याचा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. न पेटणाऱ्या वस्तूला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात. 'इन्हॅबिटेबल' म्हणजे राहण्याजोगे; राहण्यास अयोग्य हवे असेल तर त्याआधी 'अन' लावावा लागतो. पुढचे अक्षर 'आर' असेल तर हाच 'इन' 'इर' होतो, आणि 'इरिगेशन' हा शब्द तर धोम-कण्हेरच्या कालव्यावर शेती असलेल्या प्रत्येक घरात रोज बोलला जातो. त्यातला 'इर' पाणी शेतात नेणारा आहे, अडवणारा नव्हे. आणि जेथे नकार खरोखरच असतो, तेथेही तो कशाचा आहे हे पाहावे लागते : 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुख्यात. 'इन्डिफरंट' म्हणजे 'वेगळा नसलेला' नव्हे, उदासीन.

माझी स्वतःची सवय अशी आहे की, लांब शब्द प्रथम पेन्सिलने उभ्या रेघा मारून तोडायचा, मधला मूळ तुकडा ओळखायचा, आणि मगच उपसर्गाकडे वळायचे. मूळ तुकडा ओळखता आला नाही, तर अंदाज न करता शब्दकोश उघडावा. याला वेळ लागतो, आणि महिन्याभरात हजार शब्द हवे असलेल्यांना ती रेघ नकोशी वाटते. पण ज्यांनी ती मारली, ते परीक्षेत नवा शब्द समोर आला तरी गडबडत नाहीत.

दुसरी मोठी चूक यादीच्या रचनेतच दडलेली आहे. अकारविल्हे लावलेल्या यादीत दिसायला जुळे असलेले शब्द एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात, आणि एकाच दिवशी पाठ केल्यामुळे त्यांचे अर्थ कायमचे आलटून-पालटून जातात. 'इन्जीनिअस' आणि 'इन्जेन्युअस' ही जोडी यासाठी कुप्रसिद्ध आहे. विहिरीवरच्या मोटारीचा वॉशर गावात मिळत नाही म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तो कापून बसवणारा वायरमन 'इन्जीनिअस', म्हणजे कल्पक. बाजारात विकणाऱ्याने म्हैस बारा लिटर दूध देते म्हटल्यावर धार न काढता पैसे मोजणारा 'इन्जेन्युअस', म्हणजे निष्कपट, भोळा. मी मुलांना अशा प्रत्येक शब्दाला ओळखीचे एक माणूस जोडायला लावतो, आणि जोडीतला दुसरा शब्द निदान आठवडाभर तरी शिकवत नाही. 'इंडस्ट्रिअल' कारखान्याशी संबंधित, 'इंडस्ट्रिअस' मेहनती. घटना 'इन्क्रेडिबल' असते, ती ऐकून विश्वास न बसणारा माणूस 'इन्क्रेड्युलस'.

उच्चार न पाहता शब्द पाठ करू नयेत. 'इन्डिफॅटिगेबल', म्हणजे न थकणारा, हा शब्द 'फटीग' जसाच्या तसा मधे घालून म्हणणारे बरेच आहेत. त्यात आघात 'फॅ'वर येतो.

एका बैठकीत शंभर शब्द संपवण्याची फुशारकी मारू नये. घोकलेले किती लवकर विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडले होते. शब्दांच्या चिठ्ठ्या करून वेगवेगळी अक्षरे मिसळावीत, आणि तीच चिठ्ठी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा हाती यावी.

अर्थासोबत स्वतःचे एक वाक्य लिहावे. पुस्तकातले उतरवू नये.

राहिला प्रश्न विक्रमी लांबीच्या शब्दांचा. 'न्यूमोनो'ने सुरू होणारा आणि सूक्ष्म सिलिका धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा तो ४५ अक्षरी शब्द अनेक मुले अभिमानाने म्हणून दाखवतात. तो १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी केवळ सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणून रचला. डॉक्टर त्या आजाराला साधे 'सिलिकोसिस' म्हणतात, आणि वहीतही तेवढेच लिहावे.