लपवून वाचवलेल्या ज्यू मुलांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅम येथे, हद्दपारीसाठी पकडलेल्या ज्यूंना ‘हॉलंडसे स्खाऊबुर्ग’ या नाट्यगृहात डांबून ठेवत आणि लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात पाठवत. १९४२-४३ मध्ये तेथून, संचालिका हेन्रिएट पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बऱ्याचदा जाणाऱ्या ट्रामचा आडोसा घेऊन, सुमारे ६०० मुले बाहेर काढली. ती पुढे फ्रीसलँड, लिंबुर्ग अशा प्रांतांतील घरांमध्ये परक्या नावांनी वाढली. त्यांच्यातले सर्वांत धाकटेही आज ऐंशी ओलांडलेले आहेत.

त्यांची मुलाखत घेणाऱ्याने सर्वप्रथम हे मान्य करावे, की तीन-चार वर्षांच्या मुलाची आठवण तुकड्यांचीच असते आणि ती सलग करून देणे हे आपले काम नव्हे. ‘ते कोणते साल होते?’ असे विचारले, तर वडीलधारी व्यक्ती उगाच ओशाळते; त्याऐवजी त्या घरात कोणत्या नावाने हाक मारत, कोण आले की गप्प बसायला सांगत, कोणती प्रार्थना शिकवली, असे विचारावे. ‘हे मला आठवते की नंतर कोणी सांगितले, ते कळत नाही,’ असे उत्तर आले, तर ते वाक्य जसेच्या तसे ठेवावे. माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतले ते सर्वांत प्रामाणिक वाक्य असू शकते.

मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला म्हणून मुलाखत तेथे थांबवू नये. परत आलेली आई ओळखू न येणे, किंवा ज्यांना आईबाबा म्हटले त्यांच्यापासून नातेवाइकांनी घेऊन जाणे, ही अनेकांच्या दृष्टीने दुसरी ताटातूट होती. अनाथ झालेल्या अशा मुलांचा दीर्घ अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ हान्स कायलसन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की पुढच्या आयुष्यावर युद्धानंतरच्या काळाचा परिणाम फार खोल होतो. म्हणून मुलाखतीचा निम्मा वेळ या वर्षांसाठी राखावा.

कागदपत्रांचा शोध वेगळा घ्यावा. जर्मनीतील, नाझी छळाच्या बळींची कागदपत्रे जपणारे आरोल्सन अभिलेखागार आणि ॲमस्टरडॅममधील ‘नीओड’ ही युद्धविषयक अभ्याससंस्था येथून सुरुवात करता येते. मार्च ते जुलै १९४३ दरम्यान वेस्टरबोर्क या नेदरलँड्समधील संक्रमण छावणीहून व्याप्त पोलंडमधील सोबिबोर या मृत्युछावणीला गेलेल्या गाड्यांच्या याद्यांत आईवडिलांची नावे निघू शकतात. असा कागद चित्रीकरण चालू असताना अचानक पुढे ठेवणे निर्दयपणाचे आहे. तो आधी खासगीत दाखवावा आणि त्याबद्दल बोलायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. कागद आणि आठवण जुळत नसतील, तर आठवण दुरुस्त न करता फरक टिपेत नोंदवावा.

ध्वनिमुद्रण न आकुंचलेल्या (अनकम्प्रेस्ड) स्वरूपात करावे, शब्दांकन बोललेल्या भाषेतच ठेवावे आणि प्रती किमान तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी, असाव्यात. संमतिपत्रात कोणता भाग केव्हापर्यंत बंद ठेवायचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे; सांभाळणाऱ्या कुटुंबाचे नाव उघड करण्यापूर्वी त्यांच्या वारसांनाही विचारावे.