ऱ्हासवादी कादंबऱ्या कशा वाचाव्यात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात लिहिल्या गेलेल्या ऱ्हासवादी कादंबऱ्यांत, म्हणजे खालावलेल्या सरदार घराण्यातला शेवटचा वंशज सौंदर्यालाच धर्म मानून जगतो अशा कादंबऱ्यांत, घटना फारशा घडत नाहीत. त्यामुळे पुढे काय होते या ओढीने वाचणारा लवकरच कंटाळतो. उईसमांस या फ्रेंच लेखकाची १८८४ ची ‘आ रबूर’ मी प्रथम हाती घेतली, तेव्हा तिसऱ्या प्रकरणातल्या लॅटिन ग्रंथकारांच्या चर्चेतच ती सोडून दिली होती.

म्हणून सुरुवात तिच्यापासून करू नये. आधी लांपेदूसा या इटालियन लेखकाची ‘द लेपर्ड’ वाचावी. ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि काटेकोरपणे पाहता ऱ्हासवादी नव्हे. पण १८६० साली इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्डी सिसिलीत उतरल्यानंतर एका जमीनदार घराण्याची सत्ता नव्या पैसेवाल्यांकडे कशी सरकते, हे तिच्यात स्पष्ट दिसते. गोव्यातल्या वाचकाला भाटकार (जमीनदार), कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे शब्द ठाऊक असल्याने ही घसरण समजावून सांगावी लागत नाही. मात्र दोन्हींची कारणे एक मानू नयेत. तिकडे राज्य बदलले; इकडे मुक्तीनंतर लोकांनी निवडलेल्या विधानसभेने १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक ठरवले.

यानंतर ‘आ रबूर’कडे वळावे. इंग्रजीत ती ‘अगेन्स्ट नेचर’ आणि ‘अगेन्स्ट द ग्रेन’ अशा दोन नावांनी मिळते, हे ग्रंथालयात शोधताना लक्षात ठेवावे. एका बैठकीत एकच प्रकरण वाचावे, आणि वस्तूंच्या याद्या वगळण्याऐवजी मोठ्याने वाचाव्यात, कारण रंग, रत्ने, मद्ये आणि सुगंध यांच्या त्या याद्या हेच या कादंबरीचे कथानक आहे. सोबत एक वही ठेवून पानाचे दोन भाग करावेत: डावीकडे वस्तू, उजवीकडे तिच्यासाठी पैसा कुठून आला आणि राबले कोण. नायक देझेसांत पूर्वजांचा वाडा विकतो, सरकारी रोखे घेऊन वर्षाला पन्नास हजार लिव्हरांचे (म्हणजे फ्रँकचे) उत्पन्न बांधून घेतो आणि पॅरिसजवळच्या फोंतने गावी एकांतात राहू लागतो. पावलांचा आवाज कानी येऊ नये म्हणून तो म्हाताऱ्या नोकर जोडप्याला जाड नमद्याचे जोडे घालायला लावतो. सोन्याने मढवून रत्ने जडवलेले कासव ते ओझे सहन न होऊन मरते, ते सर्वांच्या लक्षात राहते. माझ्या मते ते जोडे त्याहून महत्त्वाचे आहेत, कारण या साऱ्या सौंदर्याखाली दाबलेली माणसे तिथेच दिसतात.

ऑस्कर वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मधले, १८९१ च्या ग्रंथरूपातले अकरावे प्रकरणही अशाच याद्यांचे आहे, म्हणून ते याच वहीसह वाचावे; बाकीची कादंबरी सहज वाचून होते.

गोव्यातल्या चांदोर किंवा लोटली येथील एखादे जुने घर पाहण्याचा योग आला, तर दिवाणखान्यातली झुंबरे पाहून झाल्यावर स्वयंपाकघराकडे जाणारी वाट कुठून निघते आणि ती पाहुण्यांच्या नजरेआड कशी राहते, हेही पाहावे, आणि परतल्यावर फोंतनेच्या नोकरांचे ते दुसरे प्रकरण पुन्हा वाचावे.